एका प्रेतापुढची दोन भाषणं

कोलकात्याच्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा ती पाटी बघून मला उगाचच बरं वाटलं होतं. एवढ्या लांब आपलं नाव! मग कळलं की हे नाव आपल्या स्वागतासाठी नव्हे, आपल्याला अडवण्यासाठी आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालमध्ये शिरले, तेव्हा घाबरलेल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, काम तिथेच थांबलं. पुढे १७९९ मध्ये खंदक बराचसा बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. गल्लीच्या नावात मात्र आपण अजून आहोत.

यंदा हिवाळ्यात गेलो तर त्या घरात रोमचं राज्य होतं. भाची दहावीत. शाळेच्या संमेलनात शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मधले दोन प्रवेश बसवायचे ठरले होते आणि तिच्या वाट्याला अँटनी आला होता. मुलींची शाळा, त्यामुळे सगळे रोमन पुढारी दोन वेण्यांचे. अंगाला पांढरी चादर गुंडाळून ती सकाळ-संध्याकाळ दिवाणासमोर उभी राहून भाषण करायची. दिवाणावर सीझरचं प्रेत म्हणून लोड ठेवलेला.

तिच्या ठाकुमा, म्हणजे वडिलांची आई, वयाने ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना माशिमा म्हणतो, त्या मला मायेने ‘बाबा’ म्हणतात. खुर्चीत बसून मटार सोलता सोलता त्यांनी विचारलं, “हा लोड कोण?”

“सीझर.”

“कुणी मारला?”

“त्याच्या जवळच्या माणसांनी. ब्रूटसने.”

“म्हणजे मीरजाफर,” असं म्हणून माशिमांनी पुढची शेंग उचलली.

बंगालमध्ये मीरजाफर हे आता एका माणसाचं नाव राहिलेलं नाही. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच ते. २३ जून १७५७ ला प्लासीच्या मैदानात, भरवशाचा सरदार मीर मदन पडल्यावर, तरुण नवाब सिराजउद्दौल्याने आपली पगडी मीरजाफरच्या पायाशी ठेवली आणि आता लाज तुमच्या हाती म्हणून विनवलं. मीरजाफर सिराजच्या आजोबांचा मेहुणा. त्याने वचन दिलं, आणि क्लाइव्हशी आधीच ठरलं होतं त्याप्रमाणे आपली फौज जागची हलू दिली नाही. मुर्शिदाबादेत त्याच्या वाड्याच्या दरवाजाला लोक आजही ‘नमकहराम देउडी’ म्हणतात.

“छे!” भाची चादर सावरत म्हणाली. “ब्रूटस चांगला आहे. आमच्या मिस म्हणाल्या, त्याने देशासाठी मारलं.”

“सगळे तसंच म्हणतात,” माशिमा म्हणाल्या.

वाद इथे सुरू झाला आणि माझा आठवडा त्यात गेला.

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्रूटसची गोष्ट मीरजाफरइतकी सरळ नाही. इसवीसनपूर्व ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईत तो सीझरच्या विरुद्ध, पाँपीच्या बाजूने लढला. गंमत म्हणजे पाँपीनेच पूर्वी त्याच्या वडिलांना मारवलं होतं. तरी लोकराज्याची बाजू पाँपीची, म्हणून हा तिकडे. सीझरने आपल्या लोकांना ताकीद दिली होती की या तरुणाला हात लावायचा नाही. पराभवानंतर त्याला माफ केलं, सुभा सांगितला, रोममध्ये प्रेटरचं पद दिलं. ब्रूटसची आई सर्व्हिलिया आणि सीझर यांच्याबद्दल रोमभर बोललं जाई. कुटुंबाच्या साप्ताहिकात त्याहून अधिक नको. तेव्हा उपकार म्हणाल तर डोंगराएवढे. दुसऱ्या पारड्यात होतं घराण्याचं नाव. साडेचारशे वर्षांपूर्वी रोमच्या शेवटच्या राजाला हाकलणारा ब्रूटस हा त्याचा पूर्वज मानला जाई. सीझर इसवीसनपूर्व ४४ च्या फेब्रुवारीत तहहयात हुकूमशहा झाला, तेव्हा त्या पूर्वजाच्या पुतळ्यावर रात्री कुणीतरी लिहून जायचं की आज तुम्ही असायला हवे होतात. रोज सकाळी असं वाचायला लागलं तर कुणाला झोप लागेल?

१५ मार्चला सिनेटची बैठक पाँपीने बांधलेल्या सभागृहात होती. कटात साठेक माणसं. अंगावर तेवीस जखमा, आणि प्रेत तपासणाऱ्या वैद्याच्या मते त्यातली एकच प्राणघातक होती. मरताना सीझरने ब्रूटसचं नाव घेतलं ते नाटकातलं प्रसिद्ध वाक्य जुन्या इतिहासकारांकडे त्या शब्दांत सापडत नाही. प्लुटार्क सांगतो की त्याने ब्रूटसच्या हातात शस्त्र पाहिलं आणि अंगावरचं वस्त्र तोंडावर ओढून घेतलं. मला विचाराल तर वाक्यापेक्षा हे जास्त लागतं.

पण माशिमांना हवा असलेला मीरजाफर त्या कटात होताच. त्याचं नावही ब्रूटसच, डेसिमस ब्रूटस. गॉलच्या मोहिमांत सीझरच्या हाताखाली वाढलेला, त्याच्यासाठी आरमार चालवलेला. सीझरच्या मृत्युपत्रात, पहिले वारस नसल्यास, म्हणून याचं नाव होतं. खुनाच्या आदल्या रात्री तो सीझरबरोबर एकाच पंगतीला जेवला. सकाळी बायकोच्या वाईट स्वप्नामुळे सीझर घरीच थांबतो असं दिसल्यावर हाच घरी गेला. सिनेट वाट बघतंय, बायकोच्या स्वप्नासाठी थांबलात असं लोक म्हणतील, असं हसत सांगून त्याने त्याला बाहेर काढलं. शेक्सपिअरने त्याला ‘डेसियस’ केलं आणि एका प्रवेशात गुंडाळलं. नाटकाचं बरोबर आहे. ज्याला स्वतःशी भांडण नाही त्याच्यावर किती वेळ घालवणार?

हे ऐकून माशिमा समाधानाने म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं?”

हे नाटक कोलकात्यात नवं नाही. २८ डिसेंबर १८३१ ला प्रसन्नकुमार ठाकूर यांनी आपल्या बागबंगल्यात ‘हिंदू थिएटर’ उघडलं, तेव्हा भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या इंग्रजी भाषांतराबरोबर ‘ज्यूलियस सीझर’चा पाचवा अंक झाला. पाचवा अंक म्हणजे फिलिपीची लढाई. कॅसियस आणि ब्रूटस हरतात आणि जीव देतात. राज्य कंपनीचं, आणि बंगाली तरुण इंग्रजीत बोलत रोमन होऊन मरताहेत. प्लासीला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. प्रेक्षकांत कुणाच्या मनात काय आलं असेल? पुढे १९४९ मध्ये उत्पल दत्त यांनी हेच नाटक आजच्या पोशाखात केलं, हुकूमशहांची आठवण लोकांच्या मनात ताजी असताना. होय, तेच, ‘गोलमाल’मधले मिशीवर विश्वास असणारे भवानीशंकर. बंगालमध्ये त्यांना आधी रंगभूमीचा माणूस म्हणून ओळखतात.

नाटकाचा कळस म्हणजे तो तिसऱ्या अंकातला प्रवेश. एकच प्रेत, समोर एकच गर्दी, आणि दोन भाषणं. आधी ब्रूटस साध्या गद्यात बोलतो: माझं सीझरवर प्रेम होतं, पण तो महत्त्वाकांक्षी होता. गर्दीला पटतं. इतकं पटतं की यालाच सीझर करा असं कुणीतरी ओरडतं, म्हणजे भाषण किती समजलं ते बघा. मग अँटनी येतो, काव्यात बोलतो, दर थोड्या वेळाने ब्रूटसला सन्माननीय म्हणत राहतो, आणि शेवटी तीच गर्दी ब्रूटसचं घर जाळायला धावते.

महत्त्वाकांक्षा हा शब्द तरी पाहा. आपल्याकडे लग्नाच्या माहितीपत्रकात मुलगा ‘महत्त्वाकांक्षी’ असतो आणि वधूपिता खूश होतो. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथे त्याचा पहिला अर्थ नुसता इकडेतिकडे फिरणं. मग मतांसाठी दारोदार फिरणं. म्हणजे आपल्या प्रत्येक निवडणुकीत गल्लीतून जाते ती महत्त्वाकांक्षाच.

चौथ्या दिवशी भाचीने विचारलं, “मामा, आपल्याकडे असं कधी झालंय?”

“आपल्याकडे म्हणजे कुणाकडे?”

ती जरा थांबली. वडील बंगाली, आई मराठी, घरात दोन्ही भाषा. मामा हा शब्द तेवढा दोन्हीकडे एक. “कुठेही,” ती म्हणाली.

मग मी तिला मनकऱ्याची गोष्ट सांगितली. भास्करराम कोल्हटकर हे रघूजी भोसल्यांचे दिवाण; इकडे बंगालमध्ये त्यांना भास्कर पंडित म्हणतात. चौथाईसाठी ते १७४२ मध्ये आले. त्या वर्षी काटव्याजवळ दांईहाटला त्यांनी थाटात दुर्गापूजा मांडली, आणि पूजा चालू असतानाच नवाब अलिवर्दीखानाने छापा घालून त्यांना पळवून लावलं. १७४३ मध्ये तर खुद्द नानासाहेब पेशवे बंगालमध्ये उतरले, पण रघूजींच्या मदतीला नव्हे, नवाबाच्या बाजूने. नवाबाने त्यांना बावीस लाख दिले. दोन मराठे सरदार परक्या मुलखात एकमेकांवर चालून गेले. हे सांगताना मी जरा भरभर बोललो, ते भाचीच्या लक्षात आलंच.

१७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा आले. नवाबाची तिजोरी रिकामी, फौज दमलेली. तहाचं बोलणं करायला त्याने सेनापती मुस्तफाखान आणि राजा जानकीराम यांना पाठवलं. एकाने कुराणावर आणि दुसऱ्याने गंगाजळ हातात घेऊन शपथ घेतली, असं सांगतात. ३१ मार्चला मनकऱ्याच्या माळावर मोठा तंबू उभारला. भास्करपंत एकवीस सरदारांसह आत गेले. तंबूच्या आड हत्यारबंद माणसं होती. बावीसपैकी एकही बाहेर आला नाही. रघुजी गायकवाड तेवढा छावणीत मागे राहिला होता. तो उरलेली फौज घेऊन निसटला.

सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण बहीण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. लोड दिवाणावर होताच. मी अँटनी झालो होतो.

“हा अलिवर्दी तरी कोण?” मी म्हटलं. “ज्या नवाब शुजाउद्दिनाने याला वर आणलं, बिहारचा कारभार दिला, त्याच्याच मुलाला, सरफराजखानाला, याने १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत मारलं आणि गादी घेतली. बिहारचा सुभा देतो म्हणून मुस्तफाखानाकडून भास्करपंतांचा काटा काढवला आणि नंतर सुभा दिलाच नाही. तो मुस्तफाखान चिडून उठला, आणि मदत कुणाकडे मागितली? रघूजींकडे! ज्यांच्या दिवाणाला मारलं त्यांच्याकडेच. तोही लढाईत मेला.”

माशिमा सगळं ऐकत होत्या. मटाराच्या शेंगा संपल्या होत्या. त्यांचं माहेर बर्धमान जिल्ह्यातलं, भास्करपंतांचे स्वार जिथे पहिल्यांदा आले तिथलं.

“आमची आजी सांगायची,” त्या म्हणाल्या, “तिला तिच्या आजीने सांगितलेलं. बर्गी आले की बायका तळ्यात गळ्यापर्यंत उभ्या राहायच्या.”

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. आपल्या इतिहासात हा शब्द साधा. बंगालमध्ये मात्र शेकडो वर्षं मुलांना त्याची भीती घालून झोपवलं. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं त्यात पळून जाणाऱ्यांची यादीच आहे. ब्राह्मण पोथ्या घेऊन निघाले, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. पुढे बायकांवरचे अत्याचार आहेत, ते इथे लिहवत नाहीत. नवल असं, की याच काव्याच्या आरंभी मराठ्यांना पाठवणारा खुद्द शंकर आहे. पृथ्वीवर पाप फार झालं, म्हणून नंदीकरवी तो शाहू राजाला प्रेरणा देतो. मग स्वारांचा जुलूम बघून भवानीच त्यांच्यावर उलटते, आणि भास्कर मारला जातो. कवी एकच, माणूस एकच, आणि त्याच्यावर निकाल दोन.

मी माशिमांना जरा रागानेच विचारलं, “म्हणजे शपथ मोडून मारलं ते बरंच झालं म्हणायचं?”

“बरं झालं असं मी म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “शपथ घेऊन मारणं वाईटच. पण बाबा, तुझ्या भाषणात आमची माणसं कुठे होती?”

मला उत्तर सुचलं नाही. रात्री पडल्या पडल्या शेक्सपिअरचा तो प्रवेश मनात फिरवून पाहिला. अँटनी सीझरचे गुण सांगताना म्हणतो की याने कैदी आणले आणि त्यांच्या खंडणीने रोमची तिजोरी भरली. ते कैदी गॉलचे. प्लुटार्कचा आकडा आहे, गॉलमध्ये सीझरने दहा लाख माणसं मारली आणि तितकीच कैद केली. आकडा फुगवलेला असेल. पण त्या गर्दीत गॉलचा एकही माणूस नाही. ब्रूटसच्या भाषणातही नाही. सीझरने स्वातंत्र्य घेतलं अशी त्याची तक्रार आहे, ती रोमनांच्या स्वातंत्र्याची. एवढी वर्षं मी हे नाटक वाचतोय, दोन भाषणांत कोण खरं यावर मित्रांशी भांडलोय. तिसरं भाषण नाहीच, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी भाचीला आणखी एक गोष्ट सांगितली, जी आदल्या दिवशी सोयीस्करपणे राहिली होती. नवाबाच्या बाजूचा मीर हबीब सुरुवातीलाच मराठ्यांना येऊन मिळाला. बंगालच्या वाटा, घाट, सावकारांची घरं, सगळं त्यानेच दाखवलं. दहा वर्षं मराठ्यांचं तिथलं राजकारण त्याच्या डोक्यावर चाललं. १७५१ चा तह त्याच्याच खटपटीचा. त्यात वर्षाला बारा लाख चौथाई ठरली. पुढच्याच वर्षी रघूजींचा मुलगा जानोजी याने त्याला आपल्या छावणीत बोलावलं आणि हिशेबाचा घोळ काढून अडकवून ठेवलं. सुटून जाण्याच्या धडपडीत मीर हबीब मारला गेला.

“म्हणजे तंबू आपलाही होता,” भाची म्हणाली.

“होता.”

“हे काल का नाही सांगितलंस?”

“काल मी अँटनी होतो.”

दुपारी बहिणीने एक गोष्ट सांगितली, जी मला वीस वर्षांत ठाऊक नव्हती. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा कुणा नातेवाइकाने थट्टेत म्हटलं होतं, बर्गी घरात आली, दागिने सांभाळा. सगळे हसले, तीही हसली. पुढे मुलगी झाल्यावर माशिमा नातीला मांडीवर घेऊन तेच जुनं अंगाईगीत म्हणत होत्या. बहीण दारात येऊन उभी राहिली. माशिमांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या फेरीपासून बर्गीच्या जागी कोल्हा आला. त्यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. “या मुलीला अजून ते कोल्ह्याचंच गाणं वाटतं,” बहीण म्हणाली. “शाळेत कुणी खरं म्हटलं तेव्हा हिने त्यांचीच चूक काढली.”

या शहराने नंतर वेगळंही भाषण ऐकलं आहे. देवघरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहायचे. त्यांच्या खटपटीने १९०२ पासून कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली ती देउस्करांच्याच पुस्तिकेसाठी, १९०४ मध्ये. १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक आले होते. आणि या स्वाऱ्यांचा इतिहास ज्यांनी कागदपत्रांतून काढला ते जदुनाथ सरकार मराठी शिकले. आपल्या रियासतकार सरदेसायांशी त्यांची जन्मभर मैत्री होती. मुद्द्यावरून दोघांचे मतभेद होत, पत्रं थांबत नसत.

संमेलनाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. प्रेताचं काम करणाऱ्या मुलीला थंडीने शिंक आली, ब्रूटस एक ओळ विसरला, पण आमचा अँटनी ठणठणीत होता. चादर सरकली तरी आवाज हलला नाही. सीझरच्या मृत्युपत्रात प्रत्येक रोमन नागरिकाला पैसे ठेवले आहेत, असं ती ओरडून सांगू लागली तेव्हा मंचावरची गर्दी आणि खालची गर्दी एकदमच गलका करायला लागली. माशिमा माझ्या कानाशी वाकल्या.

“ते पैसे लोकांना खरंच मिळाले का रे?”

मी म्हटलं, “अँटनीने नाही दिले. सीझरची रोकड त्याने स्वतःकडे दाबून ठेवली. शेवटी सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याने स्वतःची मालमत्ता विकून वाटले. त्यावरच तो वर चढला. पुढे अँटनीला हरवून तोच रोमचा पहिला सम्राट झाला.”

“म्हणजे हा नुसताच बोलला.”

“नुसताच.”

“मग टाळ्या कसल्या वाजवताहेत हे?” माशिमा म्हणाल्या. तेवढ्यात पडदा पडला, परत उघडला, आणि त्यांची नात चादर सावरत पुढे येऊन वाकली. टाळ्यांनी माशिमांचे हात लाल झाले. बहिणीला त्यांना शेवटी खाली बसवावं लागलं.